वजन उतरतंय, कपाटाचं काय करायचं?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

सहा महिन्यांत १८ किलो उतरलीस, अजून जवळपास तेवढंच उतरवायचं आहे आणि पगार कपड्यांत घालवायचा नाही, हे तुझं म्हणणं अगदी रास्त आहे. पण म्हणून ढगळ कपड्यांत वर्ष काढू नकोस. अंगावर लोंबणाऱ्या कुर्त्यात तुझी मेहनत तुझी तुलाच दिसत नाही, आणि उत्साह तिथेच मावळतो. मधल्या काळात कपडे थोडेच ठेव, पण ते अंगाला बसणारे असू देत. जुन्यातलं काय ठेवायचं हे खांद्यावरून ठरव.

कुर्त्याच्या बाजू तासाभरात आत घेता येतात, बाही अरुंद करता येते. खांदा कमी करायचा तर बाही उसवा, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्याने कापा, बाही पुन्हा चढवा. एवढ्या कामाची मजुरी दिलीस तर त्यात बाजारात साधा नवा कुर्ता येतो. म्हणून आरशासमोर उभी राहा आणि खांद्याची शिवण कुठे पडते ते बघ. हाडाच्या टोकापासून अर्धा-पाऊण इंच खाली असेल तर कुर्ता ठेव. दीड इंच उतरून दंडावर आली असेल तर तो कितीही आवडता असला तरी हातातून सोड. ढोबळ हिशेब असा की ४४ चा कुर्ता ४० पर्यंत आणता येतो. त्याखाली नेलास तर पुढचा गळा झोळीसारखा लोंबतो आणि टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या, भलत्याच जागी येतात.

बाजू आत घ्यायचं काम घरी शिक. यात बहुतेक जणी एकाच ठिकाणी चुकतात. कुर्ता घेरात ४ इंच सैल आहे म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच आत टाचण्या लावतात आणि कुर्ता अंगात शिरत नाही. टाचणीत पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग धरले जातात. त्यामुळे दोन्ही शिवणी एकेक इंच आत सरकल्या की घेर ४ इंचांनी कमी होतो. शिवाय सगळा ढिलेपणा काढायचा नसतो. साध्या सुती कुर्त्याला छातीच्या मापापेक्षा ३ ते ४ इंच जास्त घेर लागतोच, नाहीतर बसताना पाठीत ताणतो.

कुर्ता उलटा करून घाल, कुणाकडून तरी टाचण्या लावून घे आणि काढून खडूने रेघ ओढ. रेघ बाहीच्या तोंडापासून काखेतून सलग खाली येऊ दे, काखेत काटकोन नको, वळण हवं. मग हाताने धावदोरा घाल आणि कुर्ता पुन्हा घालून बघ. हात वर कर, खुर्चीत बस, बॅग खांद्याला लाव. पटलं तरच मशीनवर घे. वजन अजून उतरतंय, म्हणून टाका मोठा ठेव, ४ मिलिमीटरचा, म्हणजे पुढच्या खेपेला उसवताना कापड फाटत नाही. आतलं जास्तीचं कापड कापू नकोस. काखेच्या वळणात ते गोळा होऊन टोचतं, तिथे शिवणीपर्यंत न पोचणारे दोन-तीन छोटे कातरे दे, म्हणजे सपाट बसेल. बाजूचा कट जिथे सुरू होतो त्याच्या इंचभर वर रेघ जुन्या शिवणीला मिळव. कटाच्या खाली गेलीस तर दोन्ही काठ उसवून नव्याने दुमडावे लागतील. बाजूला खिसा असेल तर कुर्ता सरळ शिंप्याकडे दे. रेशीम आणि सॅटिन यांवर सुईची भोकं कायमची दिसतात, म्हणून त्यांना वजन थांबेपर्यंत हात लावू नकोस.

सलवारीला, परकराला नाडी आहे, त्यांची चिंता नको. इलॅस्टिकच्या पायजम्याला मात्र नवं इलॅस्टिक घाल, कंबरेच्या मापापेक्षा अडीच-तीन इंच आखूड. दहा मिनिटांचं काम आणि पायजमा आणखी एक साइज चालतो.

जीन्सवर फार खर्च नको. मागच्या मधल्या शिवणीतून दीड ते दोन इंच घेता येतात. त्यापुढे मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटायला लागतात आणि ते लगेच नजरेत येतं. पट्टा आवळल्यावर कंबरेला चुण्या पडू लागल्या की ती जीन्स संपली समज. एका वेळी एकच जीन्स घे, थोडी ताणणारी, आणि वर बसणारी, कारण पोटाची कातडी वजनाच्या मागून सावकाश आवळते आणि खाली बसणाऱ्या कंबरेवर ती दुमडते. पट्टाही भोकांचा घेऊ नकोस, दात्यांवर सरकून अडकणारा मिळतो तो घे, सगळ्या साइजना पुरेल.

साडीचं सुख मोठं आहे, ती कुठल्याही अंगाला बसते. अडतं ते ब्लाउजपाशी. या काळात कटोरी ब्लाउज शिवू नकोस. त्याची वाटी एका मापाला कापलेली असते. छाती उतरली की बाजू कितीही आत घे, वाटी पोकळच राहते आणि समोर सुरकुती पडते. प्रिन्सेस कट किंवा चार टक्सचा शिवून घे. प्रिन्सेस कटमध्ये छातीवरून जाणाऱ्या शिवणी आहेत, तिथूनच कमी करता येतं. शिंप्याला बजावून सांग की आत दोन्ही बाजूंना दीड इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, ठेवा आणि मागच्या गळ्याला दोरी लावा. खांदे बारीक होत गेले की गळा घसरतो, तो ही दोरी धरून ठेवते. साडीबरोबर आलेला ब्लाउज पीस मात्र कापू देऊ नकोस. एकदा कापला की तसा पुन्हा मिळत नाही. काळा, मरून किंवा सोनेरी असा एक साधा ब्लाउज बहुतेक साड्यांवर चालतो, तोवर तोच वापर. घरात लग्न असेल तर माप कार्याच्या तीन आठवडे आधी दे. फक्त तुळशीचं लग्न लागलं की शिंप्यांकडे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तारीख आधी धरून ठेव आणि माप मागून दे.

आतल्या कपड्यांत काटकसर करू नकोस. सैल कातडीखाली घाम साठतो आणि पुरळ उठतं, म्हणून सुतीच घे आणि मापाचंच घे. ब्रा घेताना अशी बघ की ती सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसते. पुढे आत सरकायला दोन रांगा शिल्लक राहतात. ३८ सी पट्ट्यात सैल आणि कपात बरोबर वाटत असेल तर ३६ डी घालून बघ, कप तेवढाच असतो. एका वेळी तीन पुरेत.

आता नवीन काय घ्यायचं. पाच-सहा किलोमागे साधारण एक साइज बदलते, अंगाच्या ठेवणीप्रमाणे थोडं कमी-जास्त. म्हणून दोन महिन्यांपुढचं काहीच घेऊ नकोस. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून आणलेला कुर्ता क्वचितच बसतो, कारण कुणाची आधी छाती उतरते, कुणाची कंबर, आणि ते आधी सांगता येत नाही. ऑफिसला चार कुर्ते, दोन लेगिंग्ज, एक जीन्स बास. पावसाळ्यात सुती कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा पटकन वाळणारे दोन जास्तीचे ठेव. दर १५ दिवसांनी टेपने छाती, छातीखालचा घेर, कंबर, सीट, दंड आणि मांडी मोजून वहीत लिही. वही पर्समध्ये असली की तुळशीबागेत किंवा फॅशन स्ट्रीटवर ट्रायल रूम नसली तरी अडत नाही, दुकानदाराच्या कुर्त्यावर टेप टाक आणि ठरव. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये मात्र ढीग उचलू नकोस.

त्याहून स्वस्त म्हणजे बहिणी-भावजयींची कपाटं. एखादा आकार तुझ्याकडे दोनच महिने राहणार, त्यासाठी मागून आणायला लाज वाटायचं कारण नाही. वापरून, धुऊन, इस्त्री करून परत दे, आणि तुझे मोठे झालेले कपडे ज्या कुणाला बसतील तिला आपणहून दे.

उरलेले बोहारणीला एकदम देऊन टाकू नकोस. वजन थोडं मागे-पुढे होतं. लगेच मागच्या एका साइजचे दोन कुर्ते आणि एक जीन्स कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत ठेव. वजन सहा महिने एका जागी राहिलं की मग तेही जाऊ देत. त्याहून मोठे सगळे आत्ताच काढ, कपाट मोकळं झालं की बसणारं काय आहे ते दिसतं.

एसीत तुला पूर्वीपेक्षा जास्त थंडी वाजेल, एक पातळ शाल ऑफिसातच ठेव. चपला सैल वाटल्या तर आत सोल घाल, नवीन घेऊ नकोस. घड्याळाच्या पट्ट्याच्या काढलेल्या कड्या जपून ठेव. आणि बोटातली अंगठी सोनाराकडे आत्ताच लहान करायला देऊ नकोस, पुन्हा करावी लागेल. आतल्या बाजूने दोरा गुंडाळ, आणि तरी फिरत असेल तर सरळ काढून ठेव. हात धुताना साबणाबरोबर कधी निघून जाते ते कळत नाही.

पुढच्या पत्रात मापं कळव, दंडाचं विसरू नकोस.

तुझी,
मावशी