नळाची आंबट बीअर आणि सोलकढीचा ग्लास

प्रश्न : काकानू, नमस्कार. तारकर्लीला आमचं फॅमिली रेस्टॉरंट आणि बार आहे, आधी बाबा बघायचे, आता मी बघतो. मागच्या सीझनला नळाची बीअर सुरू केली. पहिले दोनेक महिने मस्त चाललं, आता गिऱ्हाईक म्हणतं आंबट लागते, कधी लोण्यासारखा वास येतो, आणि फेस तर टेबलावर जाईपर्यंत बसलेला असतो. केग (बीअरचं पिंप) बदलला तरी तेच. सप्लायर म्हणतो माल चांगलाय. ग्लास रोज साबणाने धुतो. मग चुकतंय कुठे? (तारकर्लीहून एक वाचक)

उत्तर : सप्लायर बहुतेक खरंच सांगतोय. केग बदललात पण केगपासून नळापर्यंतची नळी तीच राहिली ना! तुमची दोन वेगळी दुखणी आहेत, आंबटपणा नळीतून येतोय आणि फेस ग्लासामुळे बसतोय, त्यामुळे एकावर इलाज करून दुसरं बरं होणार नाही.

आधी नळी. बीअर आत राहते तिथे हळूहळू बुळबुळीत थर धरतो, त्यात दुधाचं दही करणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद वाढतात, आंबटपणा आणि लोण्याचा वास त्यांचाच. नुसतं पाणी सोडून हा थर निघत नाही. दर 14 दिवसांनी लाईन क्लीनरने साफ करायचीच, सीझन असो नसो, गिऱ्हाईक असो नसो. क्लीनर कॉस्टिक सोड्याचा असतो, डब्यावरच्या मापाप्रमाणे कालवून साधारण 2 टक्क्यांचं पाणी करायचं, कोमट, 30 ते 40 अंशांचं, पंपाने नळीतून 15 मिनिटं फिरवायचं, पंप नसेल तर नळी भरून 20 मिनिटं तसंच ठेवायचं, आणि मग साधं पाणी सोडत राहायचं, नळातून येणारं पाणी आणि साधं पाणी लिटमस कागदाला एकसारखं दिसेपर्यंत. अंदाजाने थांबू नका, कॉस्टिक कुणाच्या पोटात जाता कामा नये. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि हे काम धंदा चालू असताना नको.

तरी मला खरी शंका आहे ती शेवटच्या वीतभर भागाची, म्हणजे नळाचं तोंड. तिथे बीअरला हवा लागते, चिलटं बसतात, व्हिनेगरसारखा वास धरतो. आज रात्री नळ उघडून त्याचे भाग सुटे करा, आत बोट फिरवा, तपकिरी चिकट काहीतरी बोटाला लागेल. दर 14 दिवसांच्या सफाईत तो असा पूर्ण सुटा झालाच पाहिजे, केगवरचा कपलरही (नळी केगला जोडतो तो भाग), आणि रोज बंद करताना तोंड बाहेरून धुऊन खालची जाळी आणि ट्रे कोरडी करून ठेवायची. तीनेक महिन्यांनी नळीत दगडासारखा खर जमतो, त्याला वेगळं आम्लाचं क्लीनर लागतं, पण ते कॉस्टिक पूर्ण धुऊन काढल्यावरच.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. संडासाचं अ‍ॅसिड कुठल्याच सिंकमध्ये आणू नका, आणि ब्लीच तर अ‍ॅसिडच्या जवळपासही नको. माझ्या बारमध्ये एका पोराने डाग निघेनात म्हणून सिंकमध्ये अ‍ॅसिड ओतलं आणि त्यावरच ब्लीच, क्षणात क्लोरीनचा वायू सुटला, दोघंजण खोकत खोकत बाहेर पळाले, एकाला रात्रभर दवाखान्यात ठेवायला लागलं. त्या दिवसापासून दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटात, आणि पोरांना पहिल्या दिवशी पहिलं तेच शिकवायचो.

फेसाचं कारण तुमच्या मेन्यूतच आहे. सोलकढीचा ग्लास, सुरमईच्या तेलाचं ताट आणि बीअरचा ग्लास एकाच सिंकमध्ये, एकाच घासणीने धुता ना? खोबऱ्याच्या रसाचं तेल ग्लासाला अगदी पातळ पापुद्र्यासारखं बसतं, डोळ्याला दिसत नाही, पण बीअरचा फेस त्याला लगेच ओळखतो आणि बसतो. लिपस्टिकचंही तसंच. धुतलेला ग्लास ओला करा, आत मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, जिथे मीठ घसरून मोकळा पट्टा पडला तिथे तेल आहे. दुसरी खूण म्हणजे स्वच्छ ग्लासातली बीअर पिताना प्रत्येक घोटाला काचेवर फेसाची एक कडी उमटत जाते, तेलकट ग्लासात उमटत नाही, उलट बाजूला बुडबुडे चिकटून राहतात.

उपाय साधा आहे, बीअरच्या ग्लासांना वेगळा सिंक आणि वेगळा ब्रश. आधी गरम साबणाच्या पाण्यात घासा, मग स्वच्छ पाण्यात विसळा, मग जंतुनाशक पाण्यात किमान एक मिनिट बुडवा. त्यासाठी वास नसलेलं 5 टक्क्यांचं लिक्विड ब्लीच 5 लिटर पाण्याला 10 मिली टाकलं की 100 पीपीएम (दहा लाख भागांत शंभर) होतं, त्याहून जास्त टाकलं तर ग्लासाला वास राहतो. ब्लीच नको असेल तर 77 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, मात्र चिमटा आणि जाळीची टोपली वापरा. मग ग्लास जाळीवर पालथे, हवेवर वाळू देत. फडक्याने पुसलात तर सगळी मेहनत त्या फडक्यातल्या घाणीवर गेली. ग्लासात ग्लास घालून ठेवू नका, फुटतात आणि आत ओल राहून कुबट वास धरतो, आपल्या पावसात तर बघायलाच नको.

आणि पावसाळ्यात बंद करताना नळीत बीअर तशीच सोडून जाऊ नका. धुऊन, पाणी काढून, केगला लावता त्या कार्बन डायऑक्साइड गॅसने फुंकून कोरडी करा, नळ सुटे करून डब्यात ठेवा.

प्रश्न : आमची विहीर किनाऱ्याजवळ आहे, उन्हाळ्यात पाणी मचूळ होतं आणि ग्लासांवर पांढुरके डाग राहतात. (वेंगुर्ले)

उत्तर : ते क्षार आहेत, घाण नव्हे, पण गिऱ्हाईकाला ते कोण सांगणार. व्हिनेगरच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून मऊ स्पंजने घासा, तारेची घासणी लावलीत तर चरे पडतील आणि मग त्या चऱ्यांतच घाण बसेल. शेवटचं विसळायचं पाणी तेवढं फिल्टरचं किंवा चांगल्या विहिरीचं वापरा.

प्रश्न : अमृत कोकमचा सोडा आम्ही सोडागनने (बटण दाबून सोडा सोडायची हातातली बंदूक) देतो. रोज काय साफ करायचं? (गुहागर)

उत्तर : रोज रात्री तोंड काढून गरम पाण्यात भिजत घाला, आणि बंदूक अडकवायची ती खोबणही धुवा, तिला सगळे विसरतात. साखर तिथेच साचते, काळी बुरशी तिथूनच सुरू होते. बाटल्यांवरच्या ओतायच्या नळ्यांचंही तेच. एक मात्र मेकॅनिककडून तपासून घ्या, सोडा मशीनच्या पुढच्या पाईपात तांबं किंवा पितळ कुठेही नको, सोड्याचं पाणी आम्लधर्मी असतं, ते तांबं खातं आणि पिणाऱ्याला उलट्या होतात. आगळसुद्धा (कोकमाचा खारट रस) स्टीलच्या भांड्यात नाहीतर काचेत ठेवा.

प्रश्न : बर्फ बंदरावरून आणला तर चालतो का? (हर्णै)

उत्तर : नाही. मासळीचा बर्फ वेगळा. महाराष्ट्रात 2018 पासून न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम झालाय तो त्यासाठीच, आणि लादी पांढरी दिसली म्हणजे ती खायचीच असं समजू नका, परवानाधारक खाद्य बर्फवाल्याकडूनच घ्या. बर्फ काढायला स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा डाव, ग्लास बर्फात खुपसून भरायचा नाही, कडेचा टवका उडाला तर बर्फात तो दिसत नाही. तसं झालंच तर सगळा बर्फ गरम पाण्याने वितळवा, पेटी पुसा, आणि मगच नवा भरा.