दुसऱ्या भेटीचा रकाना

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. वर्षभरात ४० वस्त्या, प्रत्येक वस्तीत मुलांच्या संगोपनाबद्दल आईवडिलांसाठी चार सत्रं, दर सत्राला हजेरी. मन लावून केलंयस. पण त्यात एक रकाना मला सापडला नाही आणि आज त्याबद्दलच लिहिते आहे. सत्रं संपल्यावर त्या घरांत परत कोण जाणार, आणि कधी?

मी हे फार उशिरा शिकले, म्हणून विचारते. कामावर जाणाऱ्या बायांच्या मुलांसाठी आम्ही पाळणाघर सुरू केलं होतं. जागा स्वच्छ, सांभाळणाऱ्या ताई मायाळू, पटावर २२ मुलं. सात-आठ महिन्यांनी एका घरी सहज डोकावले, तर नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी. शाळेच्या वेळेला घरी कशी, असं विचारलं. पाळणाघर उघडायचं दहाला, आई निघायची सहाला. मधले चार तास बाळ तिच्याकडे. त्याला पोचवून शाळेत जायचं तर रोज उशीर, रोज बोलणी. शेवटी तिनं जाणंच सोडलं होतं. आमच्या वहीत ते बाळ ‘नियमित’ होतं. त्याच्या बहिणीची नोंद ठेवायची असते, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरले. अशा आणखी पाच मुली निघाल्या. उपाय आयांनीच सुचवला: शेजारच्या दोन आजी पहाटे साडेपाचला दार उघडतील, त्यांना मानधन द्या. तसं केलं. चार मुली शाळेत परतल्या. दोघी नाही परतल्या, आणि त्या दोघींची चुटपुट अजून जात नाही.

बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेचं १९८० च्या दशकातलं काम तू बारकाईनं अभ्यासावंस असं मला फार वाटतं. जुलाबांनी अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे तिथं लहान मुलं दगावत होती. उपाय ठाऊक होता: ठरल्या प्रमाणात मीठ आणि गूळ घातलेलं पाणी. संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आईला ते करायला शिकवायच्या. दहा वर्षांत त्या एक कोटीहून जास्त घरांत पोचल्या. त्या आकड्यापेक्षा मला त्यांची मानधनाची रीत मोलाची वाटते. काही दिवसांनी दुसरंच कोणी त्यातल्या काही घरांत जाई, आईला काय काय आठवतं ते विचारी, आणि तिला जितकं आठवे त्यावर शिकवणारीचे पैसे ठरत.

तरीही गाडं अडलंच. आयांना सगळं पाठ होतं, पण मूल आजारी पडल्यावर ते पाणी फार थोड्या घरांत दिलं जात होतं. शोध घेतल्यावर कळलं, की शिकवणाऱ्यांपैकीच अनेकींचा त्यावर विश्वास नव्हता. शिवाय घरातल्या पुरुषांशी कोणी बोललंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना त्यामागचं शास्त्र नीट समजावलं, पुरुषांच्याही बैठका घेतल्या, आणि वापर वाढू लागला. आईला आठवतं का, एवढ्यावरच संस्थेचे लोक थांबले असते, तर हे कधी उघडच झालं नसतं.

झिम्बाब्वेतले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत १४ आजींना हाताशी धरून मनानं खचलेल्या माणसांशी बोलण्याचं, त्यांना आधार देण्याचं काम सुरू केलं. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून बाहेर बाक टाकला. त्याला आधी ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हणत. त्यावर कोणी बसेना. नाव बदला, असं आजींनीच सांगितलं. तो ‘मैत्रीचा बाक’ झाला आणि माणसं येऊन बोलू लागली. पुढे ५७३ जणांचा रीतसर अभ्यास झाला. तोही लोक बाकावरून उठल्या उठल्या केला नाही. सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा गाठून त्यांची स्थिती तपासली. आजींकडे आलेल्यांचा त्रास इतरांपेक्षा बराच कमी झालेला दिसला. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

‘सामाजिक नवोन्मेष’, म्हणजे लोकांच्या अडचणींवर नवे उपाय काढणं, हा शब्द तुझ्या आराखड्यात पानोपानी आहे. असू दे. पण नवी कल्पना पहिल्या भेटीत आपली असते. घरातली माणसं तिला वाकवतात, कापतात, तिचं नाव बदलतात, आणि मगच ती त्यांच्या उपयोगी पडते. ते बघायला तिथं हजर असावं लागतं.

म्हणून ४० वस्त्यांच्या १२ कर. देणगीदार कुरकुरतील. त्यांना स्पष्ट सांग, की उरलेला पैसा परतीच्या भेटींसाठी हवा आहे. पहिली भेट सत्रं संपल्यावर महिन्यानं, दुसरी सहा महिन्यांनी. सत्र घेणाऱ्यानं स्वतः जाऊ नये. त्याच्या तोंडावर लोक भिडेपोटी ‘छान झालं’ म्हणतात. ‘आवडलं का?’ हा प्रश्न तर टाळच. काल संध्याकाळी मूल रडायला लागलं तेव्हा कोण उठलं, काय केलं, असं विचारायचं. आईशी बोलून झालं की घरात आणखी कोण आहे ते बघ. कोपऱ्यात गप्प बसलेल्या आजोबांशी बोल, दाराआड उभ्या असलेल्या थोरल्या मुलीशी बोल. आपल्या कामाचा भार कुणाच्या अंगावर पडतोय, ते बहुधा तिथंच कळतं.

पहिल्या तीन वस्त्यांतल्या परतीच्या भेटी झाल्या की मला लिही. हजेरीचे तक्ते नकोत. कुठल्या घरात काय दिसलं आणि त्यामुळे आराखड्यातलं काय खोडावं लागलं, तेवढंच कळव.

तुझी,
ताई