कुमारांच्या अद्भुत कादंबऱ्यांत जादू असताना मैत्री एवढी का लागते?

तुम्ही विचारलंय की भुतं, शाप, जादू एवढं सगळं हाताशी असताना कुमारांसाठी लिहिणारे लेखक फिरून फिरून दोन-तीन मित्रांच्याच गोष्टीवर का येतात. मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवतो. शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडेच असल्याने ही पुस्तकं मुलांच्या हाती जाण्याआधी मी वाचतो. मला सापडलेलं उत्तर असं: अद्भुत काही वाट्याला आलं की माणूस सगळ्यांत आधी एकटा पडतो. तुम्हाला दिसतं, इतरांना दिसत नाही. मग कोण बरोबर राहतं, यावरच गोष्ट उभी राहते.

आमच्याकडचंच बघा. सातपुड्यात धडगाव तालुक्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे. तिथे अश्वत्थामा वावरतो, कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मुलांना वाटतं, ती जखम हीच त्याची शिक्षा. मग मी त्यांना सौप्तिकपर्वातला कृष्णाचा शाप सांगतो: ३,००० वर्षं भटकशील, सोबतीला कुणी नसेल आणि कुणाशी बोलताही येणार नाही. वर्ग एकदम गप्प होतो. यातलं खरं भयंकर काय, हे चौदा वर्षांच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. आणि दिवाळीत त्याच डोंगरावर लोक यात्रेला जातात ते जथ्याने, एकमेकांना हात देत.

हॅरी पॉटरचा पाचवा भाग (२००३) मला याच कारणासाठी सगळ्यांत जवळचा वाटतो. शाळेच्या बग्ग्या ओढणारे हाडकुळे, पंखांचे घोडे असतात, थेस्ट्रल. ज्यांनी मृत्यू पाहिलाय त्यांनाच ते दिसतात. हॅरीला दिसतात, शेजारी उभ्या रॉनला दिसत नाहीत, आणि हॅरीला स्वतःच्याच डोक्याची शंका येऊ लागते. पुढे लंडन गाठायची वेळ येते तेव्हा रॉन, हर्मायनी आणि जिनी त्याच घोड्यांवर बसतात. घोडे त्यांना तेव्हाही दिसत नसतातच! त्यांची मैत्रीण लूना हिला मात्र ते दिसतात; ती एकेकाला जवळ नेते, आयाळ हातात देते, आणि ते घाबरत का होईना, चढतात. न दिसणाऱ्या जनावरावर मित्राच्या शब्दाखातर बसायचं, यापेक्षा मोठी जादू मला त्या पुस्तकात सापडली नाही.

म्हणून ज्या कादंबरीत मित्रांचं भांडण एखाद्या मंत्राने मिटतं, ती मी पोरांना आग्रहाने देत नाही. भांडण माणसांनीच मिटवावं. मंत्र राक्षसासाठी राहू द्यावा.

मी हे इतक्या खात्रीने सांगतोय त्यामागे एक रात्र आहे. सातवीत होतो. शेतीची वीज रात्री यायची, म्हणून मित्राबरोबर त्यांच्या केळीच्या बागेत पाणी भरायला गेलो होतो. विहिरीच्या काठाशी मला कुणीतरी उभं दिसलं. पांढरं, न हलणारं. आजही सांगता येणार नाही ते काय होतं. पाय उचलेनात. वाटलं, आता हा हसणार आणि उद्या सगळ्या वर्गात सांगणार. त्याने बॅटरी तिकडे मारली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "माले काही दिसत नही भो. पन तू म्हनस ना, मंग चाल, दुसरी वाट जाऊत."

दोन शेतं वळसा घालून, चिखल तुडवत आम्ही मोटरीपाशी पोचलो. विहिरीची बाजू त्याने स्वतःकडे घेतली होती आणि बॅटरी माझ्या हातात दिली होती.