मुलगी आठवीत आहे, चारचौघांत बोलायला घाबरते. जर्मन किंवा जपानीचा क्लास लावला तर आत्मविश्वास वाढेल का?

वाढू शकतो, पण क्लासमध्ये तिला किती बोलायला मिळतं त्यावर सगळं आहे. तुम्ही लिहिलंय की मुलगी सेमी इंग्लिशला आहे, लेखी मार्क चांगले पडतात, पण तोंडी परीक्षेला उभी राहिली की आवाजच फुटत नाही. मी पुण्यात आठवी ते दहावीच्या मुलांना जर्मन शिकवते. अशी एक-दोन मुलं प्रत्येक बॅचला असतात, आणि बऱ्याच पालकांना जर्मनशी फारसं देणंघेणं नसतं, 'जरा बोलकी झाली तर बरं' एवढीच अपेक्षा असते. त्यात गैर काही नाही.

इंग्रजी आपल्याकडे नुसती भाषा राहिलेली नाही. ती चुकली की वर्गात हसतात, लग्नकार्यात एखादे काका 'इंग्लिशमधून सांग बघू' म्हणून परीक्षा घेतात. मराठीत बोलावं तर ण-न वरून कुणीतरी टोकतंच. जर्मनच्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांची पाटी कोरी. महागड्या शाळेतला मुलगा आणि नगरपालिकेच्या शाळेतली मुलगी, 'इश' (म्हणजे 'मी') म्हणताना दोघांचीही सारखीच तारांबळ. शिवाय घरी कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे चुका काढायला कुणी नाही. ज्या मुलांना दिवसभर कुणी ना कुणी सुधारत असतं, त्यांना हा मोठाच दिलासा असतो.

अर्थात परकी भाषा बोलायची म्हणून वेगळी धाकधूकही असते. एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली यावर ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तयारी नसताना बोलायला लावलं की घाबरायला होतं, बाकीचे आपल्यापेक्षा चांगलं बोलतात असं वाटत राहतं, अशा धर्तीची विधानं आहेत त्यात. भाषाशिक्षणाच्या अभ्यासात ती आजही वापरतात. तुमच्या मुलीला वाचायला दिलीत तर निम्म्या विधानांवर मान डोलावेल बहुधा. म्हणून नुसता क्लास लावून भागत नाही.

युरोपात भाषेच्या पायऱ्या ठरवून दिल्यात, ए१ ते सी२. त्यातल्या ए१ या पहिल्या पायरीचं वर्णनच असं आहे की, समोरचा सावकाश, स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल, तर साधं संभाषण जमतं. म्हणजे अडखळणं गृहीतच धरलंय. मॅक्सम्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत शाळकरी मुलांसाठी या पातळीची 'फिट इन डॉइच' परीक्षा असते. तिची तोंडी परीक्षा गटात होते. आधी स्वतःची ओळख, मग कार्डं उचलायची आणि एकमेकांना प्रश्न विचारायचे.

वर्गात आम्ही तेच करून घेतो. परवा एका मुलीला 'नाश्ता' असं कार्ड आलं. तिने शेजारच्याला विचारलं, 'वास इस्ट डू त्सुम फ्रूश्टुक?', म्हणजे नाश्त्याला काय खातोस? तो म्हणाला, पोहे. मी म्हटलं, मी जर्मन आहे, मला पोहे माहीत नाहीत. झालं! शब्द तर मोजकेच येतात. 'राइस... गेल्ब... मिट त्स्वीबेलन', म्हणजे तांदूळ, पिवळा, कांदा घालून. मग एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी मागून हाताने पोहे चपटे असल्याचं दाखवायला लागली आणि 'निश्ट ग्रोस, क्लाइन!' (मोठे नाही, छोटे!) म्हणून तिने भर घातली. व्याकरणाचा पत्ता नव्हता, पण पोहे पोहोचले. आपण तुटकं बोललो तरी समोरच्याला कळतं, हा अनुभव या मुलांना शाळेत फारसा मिळत नाही, कारण तिथे उत्तर बरोबर तरी असतं नाहीतर चूक तरी.

म्हणून फी भरायच्या आधी एक डेमो लेक्चर बघा. मागे बसून एवढंच पाहायचं, की तासाभरात प्रत्येक मूल स्वतःहून किती वेळा बोललं. सर बोलतायत आणि पंचवीस मुलं वहीत उतरवतायत, असं असेल तर निघून या. मग ते सर कितीही हुशार असोत. वाक्य अर्ध्यात तोडून 'डेअर नाही, डी' अशी लिंगाची चूक काढणारे शिक्षकही या मुलीसाठी नकोत. चुका नंतर फळ्यावर घेता येतात, कुणाची होती ते न सांगता. आधी जोडीत, मग चौघांत आणि शेवटी वर्गासमोर, असा क्रम असेल तर उत्तम.

घरी एक पथ्य पाळा. पाहुणे आले की 'जर्मन बोलून दाखव गं' अजिबात म्हणायचं नाही. जी एक जागा परीक्षेविना मिळाली होती, ती तुम्ही तिथेच घालवता.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. जर्मनमध्ये बडबड करणारी मुलं इतिहासाच्या तासाला गप्पच बसलेली मी पाहिलीत. एक गोष्ट तेवढी बऱ्याचदा शाळेत उतरते, ती म्हणजे कळलं नाही तर 'परत सांगा' म्हणायची सवय. आमच्याकडे 'नॉख आइनमाल, बिट्टं' हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि मुलं ते मनमुराद वापरतात. एका मुलीच्या आईने सांगितलं, की गणिताच्या सरांना तिने पहिल्यांदाच हात वर करून परत समजवायला सांगितलं. आणि मुलगी अगदी जवळच्या माणसांशिवाय कुणाशीच बोलत नसेल किंवा तोतरेपणा असेल, तर आधी समुपदेशक किंवा स्पीच थेरपिस्टला भेटा. ते क्लासचं काम नाही.

आता जर्मन की जपानी? मराठी मुलांना दोन्हीकडे थोडा आयता फायदा आहे. जर्मनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, फक्त कुठला शब्द कुठल्या लिंगात ते नव्याने पाठ करावं लागतं. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि नामाला आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय लागतात. पण जपानीची सगळ्यांना माहीत असलेली जेएलपीटी परीक्षा, तिच्यात बोलण्याचा भागच नसतो. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच. एन५ ही तिची सगळ्यात सोपी पातळी पास झालेलं मूल जपानीत चार वाक्यं बोलेलच असं नाही. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत बोलण्याला १०० पैकी २५ गुण असतात आणि त्यात किमान ५ मिळवावेच लागतात, त्यामुळे शिक्षकांना बोलून घ्यावंच लागतं. तुमच्या जवळ फ्रेंचचा चांगला क्लास असेल तर तोही बघा.

मुलीला ॲनिमेमुळे (जपानी कार्टून) जपानीच हवं असेल तर जरूर लावा, आवडीसारखं काही नाही. फक्त तिथल्या सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, आधी विचारून घ्या, की बोलणं कधी सुरू होतं. हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या पूर्ण झाल्यावर, असं उत्तर आलं तर दुसरा क्लास शोधा.