सर्च प्लगइनचं इंडेक्सिंग 63 टक्क्यांवर अडकतं, पुढे सरकतच नाही. काय करावं?

तुमच्या प्रश्नातला मुद्दा आधी थोडक्यात मांडतो. मासिकाचं जुनं वर्डप्रेस संकेतस्थळ आहे, त्यावर रेलेवन्सी हे शोधाचं प्लगइन बसवलंय. इंडेक्स, म्हणजे कुठला शब्द कुठल्या लेखात आहे याची सूची, बांधायला घेतला की पट्टी 63 टक्क्यांपर्यंत जाते आणि थांबते. अलीकडचे लेख शोधात येतात, जुन्या अंकांतले येत नाहीत. प्लगइन काढून पुन्हा टाकून झालं, होस्टिंगचा प्लॅनही वाढवून झाला, पण फरक नाही.

सगळ्यात आधी ‘बिल्ड द इंडेक्स’ हे बटण दाबणं थांबवा. ते प्रत्येक वेळी आधीचा इंडेक्स पुसून पहिल्यापासून सुरुवात करतं. त्यामुळे तुम्ही रोज त्याच 63 टक्क्यांपर्यंत चालत जाताय, आणि तेवढा वेळ वाचकांना शोधात अर्धवटच निकाल मिळतात. त्याच्या शेजारी न झालेल्या पोस्टपुरतं इंडेक्सिंग करणारं दुसरं बटण आहे. यापुढे तेच वापरा.

पट्टी दर वेळी एकाच जागी अडकत असेल, तर बहुतेक वेळा सर्व्हर कमी पडत नसतो, एखादी ठरावीक पोस्ट आडवी आलेली असते. सर्व्हर दमत असता तर कधी 40 वर, कधी 70 वर थांबला असता. म्हणून मेमरी वाढव, वेळमर्यादा वाढव असे उपाय करण्याआधी ती पोस्ट शोधा. मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण छोट्या संस्था अशा वेळी महागडा प्लॅन घेतात, पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

शोधायचं असं. होस्टिंगच्या पॅनलमधून डेटाबेस बघायचं साधन, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा. डेटाबेसचा बॅकअप घ्या. नावाच्या शेवटी ‘रेलेवन्सी’ असलेलं टेबल उघडा. त्यातला ‘डॉक’ हा रकाना म्हणजे पोस्टचा आयडी. तो रकाना चढत्या क्रमाने लावा. तुमच्याकडे नवे लेख सापडतात आणि जुने नाहीत, म्हणजे काम नव्याकडून जुन्याकडे चाललंय. तेव्हा सगळ्यात लहान आकडा ही नीट पार पडलेली शेवटची पोस्ट. आता पोस्टच्या मुख्य टेबलात जाऊन त्याहून लगेच लहान आयडीची प्रकाशित पोस्ट बघा. संशय तिच्यावर, फार तर तिच्या पुढच्या दोन-चार पोस्टवर. ती तात्पुरती ड्राफ्ट करा आणि न झालेल्यांचं इंडेक्सिंग पुन्हा चालवा. गाडी पुढे सरकली तर चोर सापडला.

जुन्या पोस्टमध्ये असं काय असतं? बहुतेकदा शॉर्टकोड. चौकटी कंसात लिहिलेली ती आज्ञा, जिच्या जागी गॅलरी, फॉर्म किंवा ‘संबंधित लेख’ अशी यादी उमटते. इंडेक्स करताना प्लगइन नुसता मजकूर वाचत नाही, ते शॉर्टकोड प्रत्यक्ष चालवून त्यातून निघालेला मजकूर घेतं. आता समजा एका लेखात संबंधित लेखांची यादी आहे, ती यादी त्या लेखांचा सारांश काढायला त्यांचा मजकूर उलगडते, आणि त्या लेखांतही हाच शॉर्टकोड आहे. पहिला दुसऱ्याला बोलावतो, दुसरा पहिल्याला. हा फेरा संपतच नाही. वाचकाला ते पान एरवी नीट दिसतं, कारण ते कॅशमधून, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून, येत असतं. इंडेक्स करताना मात्र सगळं मुळापासून चालतं. अशा फेऱ्याला तुम्ही कितीही मेमरी दिलीत तरी तो ती खाऊन टाकेल.

खात्री करायला लॉग बघा. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग लॉग चालू करा, पण स्क्रीनवर चुका दाखवणं बंद ठेवा, नाहीतर वाचकांना भलतंच दिसेल. मग डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये लॉगची फाइल तयार होते. तिच्या शेवटच्या ओळीत 268435456 बाइट मेमरी संपल्याचं लिहिलेलं असेल तर तो आकडा म्हणजे 256 एमबी. तीस सेकंदांची मर्यादा ओलांडल्याचं असेल तर ती पीएचपीची, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिची, नेहमीची मर्यादा. त्याच ओळीत कुठल्या फाइलमध्ये काम थांबलं तेही असतं, आणि फाइलच्या मार्गात दोषी प्लगइनचं किंवा थीमचं नाव बऱ्याचदा वाचायला मिळतं. रेलेवन्सीच्या सेटिंगमध्ये ठरावीक शॉर्टकोड वगळायची सोय आहे, तिथे त्याचं नाव घाला. शॉर्टकोडमधून येणारा मजकूर तुम्हाला शोधात नकोच असेल तर ते उलगडणंच बंद करा. मासिकाच्या साइटला बहुधा हेच पुरतं.

लॉग कोरा असेल तर ब्राउझरमध्ये एफ12 दाबून नेटवर्कचा टॅब उघडा आणि इंडेक्सिंग चालवा. ‘अ‍ॅडमिन-एजॅक्स’ नावाच्या विनंत्या एकामागून एक जाताना दिसतील. शेवटच्या विनंतीसमोरचा आकडा महत्त्वाचा. 500 म्हणजे पीएचपी आतच कोसळलं. 504 म्हणजे वेब सर्व्हर वाट बघून थकला. 403 म्हणजे सुरक्षा प्लगइनने किंवा होस्टच्या फायरवॉलने अडवलं. सगळ्यात फसवा 200. आकडा ‘ठीक’ सांगतो, पण उत्तर उघडून बघितलं तर सुरुवातीलाच दुसऱ्या कुठल्यातरी प्लगइनची सूचना चिकटलेली असते. मग पट्टी हलवणाऱ्या स्क्रिप्टला ते उत्तर वाचता येत नाही आणि ती गप्प बसते.

आता मराठी साइटचं खास दुखणं. कमीत कमी किती अक्षरांचा शब्द इंडेक्समध्ये घ्यायचा याची मर्यादा मुळात 3 असते. देवनागरीत ही मोजणी युनिकोडच्या चिन्हांनी होते, मात्रा वेगळी मोजली जाते. ‘पाणी’ म्हणजे चार चिन्हं, ‘नदी’ म्हणजे तीन. पण ‘घर’, ‘मन’, ‘ऊस’, ‘आई’ हे सगळे दोनच. ते इंडेक्समध्ये येतच नाहीत! मासिकात ‘आई’ नावाची कविता असेल आणि पोस्टमध्ये नुसतं स्कॅन केलेलं पान लावलेलं असेल, तर त्या पोस्टमधून घेण्याजोगा एकही शब्द उरत नाही. टेबलात तिची एकही ओळ पडत नाही, आणि मग न झालेल्यांच्या मोजणीत ती कायमची राहते. काम पूर्ण होऊनही आकडा शून्यावर येत नसेल तर अशा पोस्ट तपासा. मर्यादा 2 करा आणि अशा पोस्टमध्ये निदान कवीचं नाव व दोन ओळी टाइप करा. ही मर्यादा बदलल्यावर मात्र एकदा पूर्ण इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो. सोबत ‘आणि’, ‘आहे’, ‘होते’ असे शब्द वगळायच्या यादीत टाकले तर टेबल बरंच हलकं होईल.

इंडेक्समध्ये पीडीएफचा मजकूरही घेत असाल तर तो तूर्त बंद ठेवा. जुने अंक श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेले असतील, तर पीडीएफमधून देवनागरी निघत नाही, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड गोळा निघतो. तो कुणी कधी शोधणार नाही, पण टेबल फुगवेल. युनिकोडमध्ये रूपांतर केलेला मजकूर पोस्टमध्ये घालणं हाच खरा उपाय आहे. काम मेहनतीचं आहे, पण करण्यासारखं आहे.

कस्टम फील्ड म्हणजे पोस्टसोबत साठवलेली जादा माहिती. तिच्या सेटिंगमध्ये ‘सगळी’ निवडलंय का तेही बघा. एलिमेंटरसारखे पेज बिल्डर पानाची सगळी मांडणी एका लपलेल्या फील्डमध्ये साठवतात, आणि ती सगळी इंडेक्समध्ये ओतली जाते. ‘दिसणारी’ एवढंच निवडा, नाहीतर काहीच नको.

जागेचाही अंदाज घ्या. रेलेवन्सीचा इंडेक्स पोस्टच्या टेबलाच्या साधारण तिप्पट होतो असं धरून चालतात. डेटाबेसचा कोटा भरला की नव्या ओळी पडणं थांबतं, आणि पट्टीवर त्याचं कारण दिसेलच असं नाही. फार जुन्या साइटवर एक वेगळी अडचण येऊ शकते. वर्डप्रेस 2015 साली 4.2 आवृत्तीपासून ‘यूटीएफ8एमबी4’ ही इमोजीही साठवू शकणारी अक्षरपद्धत वापरू लागलं. त्याआधीची काही टेबलं तशीच राहिली असतील, तर इमोजी असलेला मजकूर त्यांत लिहिताना अडतो.

वरचं सगळं रेलेवन्सीसारख्या, ब्राउझर उघडा ठेवून चालणाऱ्या इंडेक्सिंगबद्दल झालं. काही प्लगइनं हेच काम मागच्या मागे, डब्ल्यूपी-क्रॉनच्या, म्हणजे ठरलेली कामं वेळेवर चालवणाऱ्या वर्डप्रेसच्या यंत्रणेच्या, भरवशावर करतात. तो क्रॉन साइटवर कुणी आलं तरच जागा होतो. वर्दळ कमी असेल, किंवा चाचणीच्या साइटला पासवर्ड लावलेला असेल, तर काम रेंगाळतं. ‘टूल्स’मधल्या ‘साइट हेल्थ’मध्ये लूपबॅकची, म्हणजे साइटला स्वतःलाच विनंती पाठवता येत नसल्याची, तक्रार दिसली तर कारण तेच. होस्टच्या पॅनलमधून दर पाच मिनिटांनी चालणारा खरा क्रॉन लावून घ्या.

आज एवढंच करा: बॅकअप, टेबलातला सगळ्यात लहान आयडी, त्याहून लगेच लहान आयडीची पोस्ट. त्या पोस्टमध्ये कुठला शॉर्टकोड आहे आणि लॉगची शेवटची ओळ काय म्हणते ते इथे खाली लिहा, मी बघतो.