सरकारी काम म्हणजे विचारायचंच नाही का?

प्रश्न : ताई, आमच्या वाड्यावरचा रस्ता रुंद करतायत, पैसा सगळा सरकारचा. रस्ता खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, कडेने जातो. मागच्या महिन्यात मानशीजवळ, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांजवळ, चार-पाच टिपर तांबडी माती ओतली. साइटवर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘गव्हर्नमेंटचें काम, तुमकां कित्याक जाय?’ (तुम्हाला कशाला हवं?) पर्यावरणाचे नियम फक्त प्रायव्हेट बिल्डरला असतात का? आणि आता बोलून काही उपयोग आहे का?
– एक वाचक, पेडणे तालुका, गोवा

उत्तर : नाही हो भाऊ, नियम सरकारलाही तेच, आणि उपयोग तर नक्कीच आहे, फक्त माती पसरवून रोलर फिरायच्या आधी हलायला हवं.

आधी एक गैरसमज काढते. लोक लगेच म्हणतात ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) कुठाय, जनसुनावणी कुठाय. २००६ च्या ईआयए अधिसूचनेत हायवे येतात, वाड्यावरचा रस्ता येत नाही, त्यामुळे तिथे डोकं आपटू नका. तुमचा मुद्दा सीआरझेडचा, म्हणजे किनारी भागात काय करायचं नि काय नाही त्या नियमांचा. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे आणि त्यात खाजनाचं नाव घेऊन लिहिलंय की खाजनांचे नकाशे करायचे, तिथलं खारफुटीचं रान राखायचं, खाजनात विकासकामं करायची नाहीत. पैसा कोणाचा असा प्रश्नच तिथे येत नाही.

आणि मानशीजवळची माती म्हणजे नुसती माती नव्हे, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको, पण कागदावर लिहिताना हे सगळं लिहा. भरती आली की मानशीची लाकडी दारं पाण्याच्या जोराने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर जातं, माणूस नसला तरी चालतं. आतलं पाणी मानशीपाशी आणणाऱ्या पोंयीचं तोंड बुजलं तर पावसाचं पाणी शेतात तुंबणार, आणि दारं नीट मिटली नाहीत तर खारं पाणी आत, मग कोरगूटसारखं मीठ सोसणारं भातसुद्धा किती सोसणार!

मग करायचं काय? १० रुपयांचा आरटीआय टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या कामाला सीआरझेडची परवानगी आहे का एवढंच विचारू नका, परवानगीसाठी भरलेल्या अर्जाची आणि नकाशाची कॉपी मागा. त्यात मानस दाखवलीय का, पोंय दाखवलीय का ते बघा. गोम तिथेच असते. तुमच्याच तालुक्यातलं मोपा आठवा, सुप्रीम कोर्टाने २९ मार्च २०१९ ला विमानतळाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली ती मुख्यतः मंजुरीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म १ मध्ये, आजूबाजूच्या जंगलांची वगैरे माहिती नीट दिली नव्हती म्हणून. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, पण जादा अटी लागल्या आणि देखरेख नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेली. एवढा मोठा सरकारी प्रोजेक्ट अडला तो फॉर्ममध्ये लपलेल्या गोष्टींवरून!

रुंदीकरणाला जमीन घेणार असतील तर २०१३ चा भूसंपादन कायदा बघा. सामाजिक परिणामांचा अभ्यास, गावात सुनावणी, नंतर प्राथमिक अधिसूचना निघाली की हरकतीला ६० दिवस. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की बाधित कुटुंब म्हणजे फक्त मालक नव्हे. कूळ, आणि तीन वर्षं त्या जमिनीवर ज्यांचं पोट आहे ते शेतमजूरसुद्धा त्यात येतात. आपल्याकडे कित्येक बायका वर्षानुवर्षं लावणी-कापणी करतात आणि एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर त्यांचं नाव नसतं, म्हणून त्या सुनावणीला घरीच बसतात. त्यांना सोबत न्याच.

आरटीआयची वाट बघत बसू नका, कूळ संघटनेच्या लेटरहेडवर तक्रार आजच किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाला द्या, एक प्रत पंचायतीला, दोन्हीकडे शिक्का घ्या. सोबत तारखेसह फोटो लावा, आणि ते ओहोटीला काढा, भरतीच्या पाण्याखाली पोंयीचं तोंड किती बुजलंय ते दिसतच नाही.