घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे

प्रश्न : मी ठाण्याहून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात आम्ही एक घर पाहिले आहे. मूळ घर चिऱ्याचे, कौलारू, ओटी-माजघर-पडवी असे जुन्या पद्धतीचे असून ते १९७८ च्या सुमाराचे आहे. मालकांनी २००९ मध्ये मागीलदारी स्लॅबच्या दोन खोल्या व संडास-न्हाणीघर बांधले, २०१६ मध्ये त्या स्लॅबवर आणखी एक खोली चढवली आणि पुढे खळ्यावर लोखंडी खांबांवर कायमचा पत्रा टाकला. या वाढीव बांधकामाची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी असेसमेंटचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि विजेचे बिल दाखवले व "कोकणात घर वाढवायला कोण परवानगी घेतो? इतकी वर्षे कोणी विचारले नाही," असे सांगितले. सातबारावर त्यांच्यासोबत दोन बहिणींची नावे आहेत. किंमत ४८ लाख ठरत असून त्यांपैकी २० लाखांचे कर्ज घ्यावे लागेल. हे घर घ्यावे का? पुढे बांधकाम पाडण्याची वेळ आली तर जबाबदारी कोणाची?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण बयाणा देण्याआधी हे पत्र लिहिले, हे फार बरे झाले. जबाबदारीचा प्रश्न आधी घेतो, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. बांधकाम कोणी केले हे मालकाला आठवत असते; नोटीस मात्र त्या दिवशी ज्याच्या नावावर मिळकत असते त्याच्या दारात येते. खरेदीखत नोंदले गेले की विनापरवाना खोल्यांचा भार आपल्याकडे येईल आणि मालकांकडे आपली रक्कम राहील.

यावर खरेदीदार सहसा म्हणतात की, मग आम्ही विकणाऱ्याकडून भरपाई मागू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने मिळकतीतील महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगायला हवा, हे खरे आहे. परंतु ते बंधन विकणाऱ्याला ठाऊक असलेल्या, खरेदीदाराला ठाऊक नसलेल्या आणि नेहमीची काळजी घेऊनही खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही अशा दोषापुरते आहे. आपण परवानगी मागितली आणि ती नाही हे आपल्याला कळले. आता डोळसपणे व्यवहार करून उद्या "मला फसवले" असे म्हणायला फारशी जागा राहणार नाही. म्हणून जे संरक्षण हवे ते खरेदीच्या आधी, लेखी करारातच मिळवावे लागेल.

असेसमेंटच्या उताऱ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण कोकणातले निम्मे व्यवहार याच कागदाच्या भरवशावर होतात. हा उतारा ग्रामपंचायत नमुना ८ मधला असतो, आणि नमुना ८ ही कर-आकारणीची नोंदवही आहे. जागेवर जे उभे आहे त्यावर कर बसवण्यासाठी ती ठेवतात, आणि कर परवानगी असलेल्या खोलीवर बसतो तसाच नसलेल्या खोलीवरही बसतो. उताऱ्यात "आरसीसी" असा शेरा असला तर त्यातून तिथे आरसीसी बांधकाम आहे एवढेच कळते. पुष्कळ जण याच कागदाला तलाठ्याकडचा "आठ अ" समजतात. तो महसूल खात्याचा, खातेदाराच्या जमिनीचा वेगळा उतारा आहे. विजेच्या मीटरचेही तसेच आहे. ती जोडणी वापरासाठी दिलेली असते. या कागदांतून मालकांची वहिवाट दिसेल, पण परवानगी दिसणार नाही.

आता घराकडे एक घर म्हणून न पाहता त्याचे तुकडे पाडून पाहावे. कागदावर साधा नकाशा काढून मूळ घर, मागच्या दोन खोल्या, न्हाणीघर, वरची खोली आणि खळ्यावरची शेड अशी प्रत्येक भागाची टेपने घेतलेली मापे लिहावीत. प्रत्येकापुढे बांधल्याचे वर्ष व मिळालेला कागद लिहावा, आणि जिथे कागद नाही तिथे "नाही" असे स्पष्ट लिहावे. हे एक पान घेऊन वकिलाकडे गेलात तर बोलणे मोघम राहणार नाही.

मूळ घर गावठाणात, म्हणजे गावाच्या वस्तीसाठी ठरलेल्या जागेत, असेल आणि जुन्या नोंदींत दिसत असेल, तर त्याची चिंता कमी आहे. वाढीव भागाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार गावठाणातही नवे बांधकाम किंवा वाढ करण्यासाठी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. "कोण घेतो?" या प्रश्नाचे उत्तर "कायदा मागतो" असे आहे. गावठाणाबाहेर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू होतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्या वर्षांचा मासिक सभेचा ठराव किंवा बांधकाम परवाना आहे का, हे पाहायला मालकांना अर्ज करायला सांगावे. त्यांनी टाळाटाळ केली तर माहितीच्या अधिकाराखाली आपणही विचारू शकता. तिथे उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. त्याच अर्जात या घराला पूर्वी कधी नोटीस दिली गेली होती का, तेही विचारावे.

गावठाणाची हद्द नेमकी कुठून जाते, हा प्रश्न आपल्या व्यवहारात मला सर्वांत नाजूक वाटतो. कोकणात पुढचे घर गावठाणात आणि मागीलदार, परस, माडाची बाग शेजारच्या शेतजमिनीच्या नंबरात, हे सर्रास आढळते. घर मागे वाढवताना कोणी हद्द मोजत नाही. गडग्याच्या आत आहे म्हणजे आपलेच, असे धरले जाते. मागच्या खोल्या अशा शेतजमिनीच्या नंबरात गेल्या असतील, तर परवानगीसोबत अकृषिक वापराचाही प्रश्न येतो. शिवाय आपण शेतकरी नसाल, तर महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ मुळे तेवढी जमीन आपल्या नावावर होण्यातच अडचण येईल. म्हणजे घर आपले आणि स्वयंपाकघराखालची जमीन दुसऱ्याची, अशी स्थिती होईल. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी मालकांनी करून घ्यावी आणि मोजणीच्या नकाशावर आपल्या टिपणातले सगळे भाग बसवून पाहावेत. ही मोजणी होईपर्यंत पैशांची बोलणी पुढे नेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

घर खाडीकाठी आहे, हे आपण ओघात लिहिले आहे. माझ्या दृष्टीने ते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. सागरी किनारा नियमनाची, म्हणजे सीआरझेडची, पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची आहे. त्यानंतर ६ जानेवारी २०११ आणि १८ जानेवारी २०१९ या तारखांना नव्या अधिसूचना निघाल्या. २०११ च्या अधिसूचनेत खाडीच्या भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी असेल तेवढा पट्टा नियंत्रणाखाली होता. २०१९ च्या अधिसूचनेत १०० ऐवजी ५० मीटर आले. आपल्या घराची वरची खोली २०१६ ची आहे, म्हणजे २०११ ची अधिसूचना लागू असतानाची. या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची त्याच जोत्यावर दुरुस्ती करता येणे आणि त्याला नव्या खोल्या जोडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीचा परवाना असला तरी तो पुरा पडत नाही. स्थानिक पारंपरिक रहिवाशांसाठी ज्या सवलती आहेत, त्या बाहेरून येणाऱ्या खरेदीदाराला मिळतील असेही धरून चालू नये. म्हणून किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या मंजूर नकाशावर आपला सर्व्हे नंबर कोणत्या वर्गात आणि भरतीरेषेपासून किती अंतरावर आहे, हे तज्ज्ञाकडून लेखी घ्यावे. वाढीव खोल्या निषिद्ध पट्ट्यात निघाल्या, तर हा व्यवहार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घर किती सुंदर आहे आणि ओटीवरून खाडी कशी दिसते, याने त्यात फरक पडत नाही.

पट्ट्याबाहेर असेल, तर नियमित करून घेण्याचा मार्ग उरतो. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बांधकाम तिच्या चौकटीत बसत असेल, म्हणजे चटईक्षेत्र (जागेच्या प्रमाणात बांधता येणारे एकूण क्षेत्र), बाजूची मोकळी जागा, उंची आणि रस्ता या गोष्टी जुळत असतील, तर वास्तुविशारदाकडून नकाशे करून, शुल्क व दंड भरून परवानगी मागता येते. बसत नसेल, तर तेवढा भाग काढावा लागतो. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात आलेल्या, अनधिकृत बांधकामे नियमित करण्याच्या कलम ५२-अ चा दाखला दलाल हमखास देतात. ते कलम ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरते आहे. आपली २०१६ ची खोली त्या तारखेच्या पलीकडची आहे. "इतकी वर्षे कोणी विचारले नाही" हा युक्तिवादही टिकणारा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सांगितले आहे की, प्रशासनाचा विलंब किंवा बांधकामावर झालेला खर्च यांमुळे बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. त्याच निकालात बँकांनी बांधकामपूर्तता किंवा भोगवटा प्रमाणपत्र तपासल्यावरच इमारतीवर कर्ज द्यावे, असेही म्हटले आहे. आपल्या २० लाखांच्या कर्जाचे उत्तर त्यातच आहे. बँकेचा वकील हेच कागद मागेल; उद्या आपल्याला घर विकायचे झाले, तर पुढच्या खरेदीदाराची बँकही मागेल.

नियमित करण्याचा अर्ज मालकांनीच, खरेदीच्या आधी करावा. त्यावर सर्व सहहिस्सेदारांची संमती लागेल, म्हणून दोन्ही बहिणींना आताच बोलवावे. खरेदीखतावरही त्यांच्या सह्या हव्यात. "बहिणींचे काही म्हणणे नाही" हे तोंडी आश्वासन घेऊन थांबू नये. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला एकाचाच हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला त्या घरात संयुक्त ताबा मागता येत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४४ सांगते.

करार करायचाच असेल तर रक्कम लहान ठेवावी. ठरलेल्या मुदतीत मोजणी, परवानगी व बहिणींची संमती आली नाही, तर बयाणा पूर्ण परत मिळेल, असे कलम त्यात हवे. "आहे त्या स्थितीत" हे शब्द करारात येऊ देऊ नयेत. काही जण मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी आणि विनापरवाना भाग झाकण्यासाठी खतात मूळ घराचेच क्षेत्र लिहायला सुचवतात. शुल्कावर परिणाम करणाऱ्या सर्व बाबी दस्तात पूर्ण व खऱ्या लिहिण्याचे बंधन महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे. शिवाय ज्या खोल्यांसाठी आपण लाखो रुपये मोजणार, त्या आपल्याच खतात नसतील.

शेडबद्दल थोडक्यात. पावसाळ्यापुरता आडोसा आणि खांब रोवून केलेले छप्पर यांत नियमावली फरक करते. आपली शेड दुसऱ्या प्रकारची दिसते, पण ती काढणे स्वस्त आहे, त्यामुळे तिच्यावरून व्यवहार अडू नये. वरच्या खोलीसाठी मात्र स्थापत्य अभियंत्याला जरूर न्यावे आणि शक्य तर जुलैत न्यावे. २००९ ची स्लॅब आणखी एक मजला पेलण्यासाठी होती का, आणि तिचा भार जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर तर आला नाही ना, हे भर पावसातल्या ओलीवरून आणि तड्यांवरून चांगले कळते.

किंमतीचा हिशेब मी असा करीन : मूळ घर, जमीन, विहीर आणि माड यांचेच मोल धरावे, वाढीव भागाचे मोल त्याला परवानगी मिळेपर्यंत शून्य धरावे, आणि तो पाडावा लागला तर येणारा खर्च वजा करावा. मालकांना ही किंमत मान्य नसेल, तर त्यांनी आधी परवानगी आणावी आणि मग ४८ लाख मागावेत. ही मागणी उद्धट नाही. तिच्यात त्यांचाही फायदा आहे.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ले येथे तीन वर्षांपूर्वी घर घेतले. मागची खोली आधीच्या मालकांनी विनापरवाना बांधली होती, हे नगरपरिषदेची नोटीस आल्यावर कळले. नोटिशीला उत्तर न देता माणसे भेटून प्रकरण मिटवावे, असा सल्ला मिळतो आहे. काय करावे?
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : तो सल्ला मानू नये. नोटीस कोणत्या कलमाखाली आहे आणि तिच्यात किती मुदत दिली आहे, हे आजच पाहावे. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची असेल, तर त्याच मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करण्याची सोय त्या कलमात आहे. मुदत गेली की ही संधी जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निर्देशांनुसार पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी मिळायला हवी. मात्र रस्ता, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरील किंवा जलाशयालगतच्या अनधिकृत बांधकामांना ते संरक्षण नाही. खोली नियमात बसते का, हे वास्तुविशारदाकडून दोन दिवसांत पाहून घ्यावे. वकिलामार्फत लेखी उत्तर द्यावे आणि त्याच्या प्रतीवर नगरपरिषदेची तारखेसह पोच घ्यावी. आधीच्या मालकांनी ही गोष्ट लपवली, असे खरेदीच्या वेळच्या कागदांवरून दिसत असेल, तर त्यांना स्वतंत्र नोटीस पाठवता येईल. आपले खरेदीखत आणि त्या वेळचा पत्रव्यवहार वकिलाला याच आठवड्यात दाखवावा.